बदली आल्याशिवाय

टेमघर, भिवंडी
९ नोव्हेंबर २०२५

दादास,

नमस्कार, खुशाली, मोठ्यांना-लहानांना वगैरे सगळं धरून चाल. या महिन्यात मी तुला अकरा फोन केले. नऊ तू उचलले नाहीस. दोन उचलून ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालास आणि मागे कुकरची शिट्टी वाजत होती. कुकर लावून मीटिंग घेणारी कंपनी कोइमतूरला असेलही, मला काय माहीत! म्हणून हे पत्र. आय होती तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचे. ती पत्रं तू अजून जपून ठेवली आहेस, असं वहिनी एकदा बोलून गेली. तेव्हा पत्र आलं की तू वाचतोस, एवढं मला कळलंय.

तर वाच. बाबांनी पूर्णा गावातली आपली मागांची शेड गोदामवाल्यांना देऊन टाकली. पंधरा डिसेंबरला ताबा. शेडच्या दोन बाजूंना त्यांच्या भिंती आधीच आल्या होत्या, आपली शेड मध्ये अडकल्यासारखीच होती. सहापैकी पाच लूम भंगारवाला घेऊन गेला. बाबा ओट्यावर बसून बघत होते. मला वाटलं, सुटलो. तर सहाव्या लूमला हात लावला तसे बाबा उठून आडवे उभे राहिले. त्यावर बीम चढलेलं आहे म्हणे. रुळावर साडेतीनशे मीटर सूत गुंडाळलेलं आहे, ते विणून होईपर्यंत लूम हलणार नाही. कोणाचा माल, कोण घेणार, काही नाही. आणि रोज सकाळी आठला बाबा शेडमध्ये. बाहत्तर वर्षं वय, छातीत एकोणपन्नास वर्षांचा कापूस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हा हिवाळा त्या कापसाच्या बुऱ्यात काढला तर उन्हाळ्यात घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवा.

मी भांडले. रडले. कुणाल पण जाऊन आला. जावई माणूस, त्याच्यापुढे तरी ऐकतील म्हटलं. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

मग परवा त्यांनी काय ते एकदाचं सांगितलं. जसंच्या तसं लिहिते. ‘बदली आल्याबिगर मी कवा लूम सोडला न्हाय, आन आता बी सोडनार न्हाय. ज्यानं बदली न देता सोडला व्हता, त्यानंच येऊन हात ठेवावा. तवा मी उठीन.’

हे तुला कळेल, माझ्या मुलांना कळणार नाही. शेजारच्या गोदामात पोरं मशीनला अंगठा लावून ड्युटीवर चढतात आणि उतरतात. आपल्याकडे अंगठा नव्हता, हात होता. बदली, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, यायचा, चालत्या लूमच्या लाकडावर पंजा ठेवायचा, ‘आलो’ म्हणायचा. मग आधीचा उठायचा. तोवर त्याचं घर जळत असलं तरी उठायचं नाही. बाबांना देवघरापेक्षा हे मोठं.

तर एवढंच करायचंय. गाडीत बस, कल्याणला उतर, पूर्णाला ये, त्या लाकडावर हात ठेव, ‘आलो’ म्हण. दोन मिनिटांचं काम. एकोणीस वर्षं झाली दादा, तुम्ही दोघं बोलला नाहीत. तो म्हातारा तुझ्यासाठीच बसलाय, आणि हे त्याला सरळ बोलता येत नाही म्हणून माझं डोकं खातोय.

कधी येतोस ते कळव.

वैशाली

टेमघर
१७ नोव्हेंबर २०२५

दादास,

चार पानी पत्राला व्हॉट्सॅपवर एका ओळीचं उत्तर, तेही इंग्रजीत! ‘टेल हिम, लेट्स कॉल इट अ डे.’

वा. मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला हा वाक्प्रचार शिकवते. फळ्यावर लिहिते: कॉल इट अ डे, म्हणजे आजचं काम पुरे, आता थांबू या. मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेत चुकतात. पण तुझ्याइतकं कोणी चुकत नाही. भाऊ, हे काम केलेल्या माणसाने म्हणायचं असतं. दिवसभर ज्याने मान मोडली, तो हात पुसत म्हणतो, चला, पुरे. जो कामावर आलाच नाही त्याने दुरून म्हणायचं नसतं. मी तुझी वही तपासत असते तर लाल शाईने काट मारली असती.

आणि ‘टेल हिम’. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. त्याला सांग, त्यांना सांग. आयच्या दहाव्याला तू आलास, दोघं एका पंगतीत बसलात, मध्ये मी. बाबा म्हणाले, ‘त्याला सांग, भात घे.’ तू म्हणालास, ‘त्यांना सांग, पुरे.’ हाताच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांचे निरोप मी भाताच्या टोपावरून पोचवत होते. लोक बघत होते. मला त्या टोपात तोंड घालावंसं वाटलं.

तरी सांगितलं. शेडमध्ये गेले, लूमच्या आवाजावरून ओरडून सांगितलं. त्यांना वाटलं, तू येतो म्हणालास. चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग अर्थ सांगितला. त्यांनी दांडा ओढून लूम थांबवला, नाकावरचा रुमाल खाली केला. मला वाटलं, आता शिव्या. तर विचारतात काय, ‘ह्या कोन बोलला पयला? मालक का कामगार?’

मी म्हटलं, काय?

‘पुरे म्हन, दिवस भरला म्हन. ह्या पयला कोनी म्हनला, त्ये बग की तुज्या पुस्तकात. मालकानं म्हनला आसंल त अर्थ येगला. कामगारानं म्हनला आसंल त येगला.’

पंधरा वर्षं शिकवतेय. एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं आणि राग मात्र बाबांचा आला, स्वतःचा नाही.

बीमवर अजून दोनशे वीस मीटर आहे. कामाला लागले की मला बाहेर काढतात, बुरा लागेल म्हणून. स्वतः आत.

तू तुझं ‘डे’ घेऊन बस. पण निदान का येत नाहीस ते तरी लिही.

वैशाली

टेमघर
२६ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं दुसरं उत्तर पहिल्याहून लहान. ‘आस्क युवरसेल्फ.’ दोनच शब्द. आता तिसऱ्या पत्राला नुसता ठिपका पाठव.

स्वतःला विचार म्हणे! मी काय केलंय? इथे टेमघर ते पूर्णा रोज मी करते. कंटेनरच्या रांगेत स्कूटी घालून, क्लास अर्धा सोडून. बाबांची औषधं मी, डबा मी, वाफ मी. आयच्या डोळ्यांत थेंब शेवटपर्यंत मी घातले. तू काय करतोस? तिकडे नव्या पद्धतीचे लूम जोडतोस, ज्यात सूत आडवं नेणारा धोटाच नसतो. हे मी बाबांना मागच्या वर्षी सांगितलं होतं, तुला कळवायचं राहिलं. म्हटलं, दादाच्या कंपनीच्या लूमला धोटा नसतो, सूत हवेने नाहीतर पाण्याने जातं, काही उडून लागायची भीतीच नाही. बाबांनी हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘चांगला केला त्यानं.’ तुझ्याबद्दल एकोणीस वर्षांतलं ते एकच चांगलं वाक्य. वाटलं तर लिहून ठेव.

असो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. शोधायला मला आठवडा लागला, कारण एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं. पण एवढं पक्कं दिसतंय: हा वाक्प्रचार आधी असा नव्हताच. आधी म्हणत, ‘कॉल इट हाफ अ डे’. अर्धा दिवस म्हणा. दिवस संपायच्या आत कामावरून निघणारा माणूस म्हणायचा, एवढं अर्ध्या दिवसाचं धरा. अठराशे अडतीस सालचा एक दाखला सापडतो. पुढे कधीतरी त्यातला ‘अर्धा’ गळून गेला, आणि जेवढं झालं तेवढ्यालाच लोक दिवस म्हणायला लागले.

रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. भाजीभाकरी घेऊन गेले होते. ते ओट्यावर जेवत होते, मी वर्गात शिकवावं तसं शिकवत होते. त्यांनी घास तसाच हातात धरला.

‘म्हंजी कामगारच.’

‘हो. कामगारच.’

‘अर्धा भरून ग्येला, आन त्येला आख्खा म्हनाया लागली लोका.’

‘तसंच काहीसं.’

‘जल्ला!’ बाबा म्हणाले. मला वाटलं, चिडले. पण चिडले नव्हते. मला म्हणाले, ‘आगं बाय, अर्धा भरला त अर्धा बोल. त्यात लाज न्हाय. मानसाला घाई आसते, पोर आजारी आसते. मी कवा कोनाला आडवला? पन अर्ध्याला आख्खा बोलला का मंग उरलेला अर्धा कोनावर तरी पडतंय. जो आसल त्याच्यावर पडतंय.’

मी भाकरीचा डबा आवरायला घेतला. त्यांना अजून अर्धी भाकरी घ्यायची होती, मी डबाच बंद केला. मग परत उघडला.

आणि दादा, एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बाबा आता मुद्दाम हळू करतात. आधी दिवसाला पंधरा-वीस मीटर निघायचं. गुरुवारी नऊ. काल सहा. सुताची एक कांडी संपली की बिडी नाही म्हणून चहा, चहा झाला की तेलपाणी, तेलपाणी झालं की रस्त्याकडे बघत उभे. रस्त्यावर काय आहे? कंटेनर आहेत. बीम संपेल आणि तू आलेला नसशील, याची त्यांना भीती वाटते. तोंडाने म्हणतात, ‘सूत जुना हाय, तुटतंय.’

ये ना रे. मला इतकं लिहायला लावू नको.

वैशाली

टेमघर
४ डिसेंबर २०२५

दादा,

मंगळवारी बाबा शेडमध्ये पडले. खोकल्याची उबळ आली आणि लूमच्या पायाशीच बसले ते उठले नाहीत. गोदामाच्या वॉचमनने बघितलं म्हणून बरं. दवाखान्यात दोन तास वाफ, इंजेक्शन. डॉक्टर मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात ना?’ मी काय सांगणार! काल सकाळी आठला परत शेडमध्ये. मी दाराला कुलूप लावलं तर मागच्या खिडकीतून हात घालून कडी काढली. बाहत्तर वर्षांचा माणूस!

संतापून तुला मी नाही नाही ते मेसेज केले. ‘बाप मेल्यावर येशील’ हेही लिहिलं. ते मी परत घेते. त्यावर तुझं उत्तर आलं, या वेळी मराठीत. ‘तू त्यांना सांग. मग येतो. सांगितल्याशिवाय मी त्या लाकडावर हात ठेवणार नाही.’

वाचलं आणि फोन उलटा ठेवला. दोन वर्ग घेतले. काय शिकवलं, आठवत नाही.

बरं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी हे कधीच कुठे लिहिलेलं नाही. मनातसुद्धा सरळ वाक्यात म्हटलेलं नाही.

सोळा एप्रिल दोन हजार सहा. रविवार. बाबा गणेशपुरीला हळदीला पुढे गेले होते, आम्ही संध्याकाळी जाणार होतो. पाच लूम बंद, एकावर तू, कारण माल सोमवारी द्यायचा होता. ठाण्याला तुझी अकराची परीक्षा होती, हे बाबांना माहीत नव्हतं. डिप्लोमाचा फॉर्म तू चोरून भरला होतास. माझ्याकडे आलास, म्हणालास, ‘वैशू, दुपारपर्यंत बदली घे. सुताची तार तुटली तर दांडा ओढ, बाकी काही करू नको.’ मी पंधरा वर्षांची. मला लूम येत होता, बाबांनीच शिकवला होता. मी ऐटीत लाकडावर पंजा ठेवला. ‘आले,’ म्हटलं. तू हसलास, माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि पळालास.

पाऊण तास मी थांबले, दादा. पाऊण तास. मग शेजारची नेत्रा दारात आली. तिच्याकडे मेंदी काढणारी आली होती आणि तासाभरात जाणार होती. लूम छान चालला होता. नेत्राचं घर तिसरं, तिथपर्यंत खटखट ऐकू यायची. म्हटलं, आवाज चालू आहे ना, मग मी इथे असले काय आणि तिथे असले काय. गेले. दोन्ही हातांवर मेंदी काढून घेतली. आवाज ऐकत होते, हे खरं सांगते. आधी त्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मी म्हटलं, एवढं बोट होऊ दे. मग खाडकन आवाज झाला आणि बंद.

आय तुझा डबा घेऊन आली होती. लूमवर कोणी नाही, तारा तुटून गुंता झालेला, म्हणून ती दांडा ओढायला वाकली. धोटा सुटून डाव्या डोळ्यावर बसला. मी धावत आले तेव्हा ती खाली बसली होती, पदर डोळ्यावर, आणि मला म्हणाली, ‘वैशू, बग गो, काय झाला.’ मी बघितलं नाही. माझे हात ओल्या मेंदीने भरलेले होते आणि मी ते वर धरून उभी होते. आयला धरायच्या आधी मी मेंदी वाचवली. कदाचित एक क्षणच असेल, पण वाचवली.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात तू आलास, खिशाला पेन. बाबांनी विचारलं, ‘लूमवर कोन व्हता?’ मी हात पाठीमागे घेऊन उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं. तू म्हणालास, ‘माझी ड्युटी होती.’ बाबांनी विचारलं, ‘बदली दिलीस?’ आणि तू काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत.

सहा महिने मी रोज ठरवत होते, उद्या सांगू. मग तू गेलास. मग वाटलं, आता सांगून काय. आयने मला एकदाच विचारलं होतं, थेंब घालताना, ‘भूपेश परीक्षेला ग्येला, मंग लूमवर कोनाला ठेवला व्हता त्यानं?’ मी म्हटलं, ‘कोणालाच नाही.’ तिने दुसरा डोळा मिटून घेतला. परत विचारलं नाही. तांदूळ निवडताना ताट उजवीकडे वळवून घ्यायची, आठवतं? ते मी पंधरा वर्षं बघितलं, आणि तुला इथे बसून शिकवतेय की कोणी काय म्हणावं आणि काय म्हणू नये.

मी पाऊण तास भरला आणि त्याला दिवस म्हटलं. उरलेला सगळा तुझ्यावर पडला.

मला तुझा रागही येतो. तू का नाही बोललास? मी लहान होते म्हणून? मग मी मोठी झाल्यावर तरी बोलायचंस! एक फोन करून ओरडला असतास तर मी कधीच मोकळी झाले असते. तुझं ते गप्प राहणं मला किती महागात पडलंय, तुला कल्पना नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मी अशीच आहे.

सांगते त्यांना. कधी ते विचारू नको.

वैशू

पूर्णा, शेडमध्ये, लूमपाशी
१२ डिसेंबर २०२५, दुपारी

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. लिहून झालं की फोटो काढून पाठवते, कारण मला इथून हलता येत नाही. का, ते सांगते.

आठवडाभर रोज ठरवून आले आणि डबा देऊन परत गेले. आज बीमवर तीसच मीटर उरलेलं बघितलं. रुमाल बांधला आणि आत आले. बाबा म्हणाले, ‘भायेर हो, बुरा हाय.’ मी बाहेर झाले नाही. त्यांच्या शेजारी उभी राहून सांगितलं. लूम चालू होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. आयुष्यात एकदा कबुली द्यायची ती सुद्धा बोंबलून! पाऊण तास, नेत्रा, मेंदी, आवाज, सगळं. तुझी परीक्षा. ‘माझी ड्युटी होती’ तू का म्हणालास तेही.

त्यांनी लूम थांबवला नाही. धोटा इकडून तिकडे जात होता, ते त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही, परत सांगावं लागणार. मग विचारलं:

‘हात ठेवला व्हतास?’

‘हो.’

‘लाकडावर?’

‘हो, बाबा. इथेच. ह्याच लूमवर.’

‘आन बोललीस? आले, आसा बोललीस?’

‘बोलले.’

तेव्हा त्यांनी दांडा ओढला. लूम थांबला. एकदम इतकं शांत झालं की शेजारच्या गोदामातला ट्रक मागे घेतानाचा आवाज ऐकू यायला लागला. बाबा म्हणाले, ‘मंग त्याची ड्युटी संपली व्हती.’

बस. एवढंच. मी तिथे मान खाली घालून उभी, आता शिव्या, आता थप्पड, काहीतरी येऊ दे म्हणून. तर ते परत तेच म्हणाले, हळू, स्वतःशी. ‘तू हात ठेवलास तवाच त्याची ड्युटी संपली व्हती. त्यो मोकला व्हता.’ मग ओट्यावर जाऊन बसले. रुमाल काढला, त्यानेच डोळे पुसले. त्या रुमालावर बुरा होता, डोळे आणखी लाल झाले. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

मी म्हटलं, बाबा, मला काहीतरी बोला.

ते माझ्याकडे बघत राहिले. आय बघायची तशी पूर्ण मान वळवून. म्हणाले, ‘तुज्या आयला मायीत व्हता का?’

मी म्हटलं, ‘तिने विचारलं होतं. मी खोटं बोलले.’

‘मंग मायीत व्हता,’ बाबा म्हणाले. ‘ती म्हनायची, पोराला बोलवा, पोराला बोलवा. मी म्हनायचा, त्यानं बदली दिली न्हाय. ती म्हनायची, तुमी इचारला का त्याला नीट? म्या इचारला न्हाय. एकदाच इचारला, दवाखान्याच्या दारात, चार लोकांत. त्ये काय इचारना झाला?’

मग रडले, दादा. आयच्या वेळीही इतके रडले नव्हते. मी जवळ गेले तर हात आडवा केला. माझ्यावर रागावले आहेत. रागावू देत. मला ते बरं वाटतंय, याहून जास्त काय सांगू.

बऱ्याच वेळाने उठले. मला वाटलं, परत लूमवर बसणार. लूमपाशी आले आणि लाकडाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ठेव.’

मी रुमाल परत नाकावर ओढला.

‘ठेव हात. तुजी ड्युटी आजून संपली न्हाय.’

मी ठेवला. ते लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झालंय, तुला आठवत असेल. ‘आले,’ म्हटलं. बाबांनी ऐकलं, मान हलवली, भिंतीवरच्या खिळ्यावरची पिशवी घेतली आणि निघाले. बदली आली, माणूस उठला. इतके दिवस मी ज्यासाठी डोकेफोड करत होते ते असं झालं, एका शब्दात! औषध संध्याकाळी आठवणीने घ्या म्हटलं तर हातानेच गप्प केलं. ड्युटीवर गप्पा नाहीत.

दारात थांबले. सवयीने म्हणाले, ‘त्याला सांग…’ आणि मी सवयीने मान वर केली, निरोप घ्यायला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, ‘न्हाय, नको. तू नको सांगूस. लंबर दे त्याचा. मी बोलतंय.’

मी कांड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत तुझा नंबर लिहून दिला. तो दोन्ही हातांत धरून ते घरी गेले आहेत. चष्मा शोधतील, फोनचं कुलूप उघडता येणार नाही, शेजारच्या कमळाकाकीला बोलावतील, ती चुकीचा नंबर लावेल. पण लावतील. तेव्हा आज कसलीही मीटिंग असो आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या होऊ देत, अनोळखी नंबर आला तरी उचल. त्यांना काय बोलायचं ते सुचणार नाही. बहुतेक ‘भात खाल्लास का?’ विचारतील. तू ‘त्यांना सांग’ म्हणू नको. मध्ये मी नाही. सरळ उत्तर दे.

आणि मग ये. बीमवर आता सव्वीस मीटर आहे. मी हळू चालवते, तार तुटली तर नीट जोडते, उगाच घाई करत नाही. रुमाल बांधलाय, छाती माझी चांगली आहे, काळजी नको. रात्री कुलूप लावून घरी जाईन, सकाळी आठला परत हजर. पण सोमवारी पंधरा तारीख आहे आणि भंगारवाला येईल. त्याच्या आधी तुला येऊन ह्या लाकडावर हात ठेवायचाय. बाबांसाठी नाही, ते उठले. माझ्यासाठी. बदली आल्याशिवाय मी ह्या वेळी उठणार नाहीये.

वैशू